गाणं 'दाखवायचं' कसं? व्ही. शांताराम यांची कारकीर्द आणि दृश्यशैली

फाल्गुन लागला की मोबाइलवर एक जुनी क्लिप हमखास फिरायला लागते. रंगांनी भरलेला सेट, मागे नाचणारी मंडळी आणि मधोमध एक नर्तकी. ती गिरकी घेते आणि क्षणात पुरुष होते. पुन्हा गिरकी, पुन्हा बाई. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, "हे एआय आहे का?"

हे एआय नाही. हे १९५९ सालच्या 'नवरंग' चित्रपटातलं होळीचं गाणं आहे. नर्तकी आहेत संध्या आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम. संगणक तर सोडाच, तेव्हा आपल्याकडे घराघरात टीव्हीही नव्हता.

आज नवी मुंबईत सारसोळे, करावे, दिवाळे या गावांमधला शिमगा असो किंवा वाशीतल्या एखाद्या सोसायटीची रंगपंचमी, गाणं लावलं की पहिल्यांदा मोबाइल वर जातो. गाणं शूट करणं ही आता कुणीही करू शकेल अशी गोष्ट झाली आहे. पण ते दाखवायचं कसं, हा प्रश्न मोबाइलपेक्षा खूप जुना आहे. मराठी माणसाने या प्रश्नाला दिलेली सगळ्यांत ठसठशीत उत्तरं शोधायची तर शांतारामबापूंच्या गाण्यांकडे जावं लागतं.

तर पाहूया, हा माणूस कोण होता, त्याने गाण्यांचं काय केलं आणि ते आजही नजरेत का भरतं.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव: शांताराम राजाराम वणकुद्रे
- जन्म: १८ नोव्हेंबर १९०१, कोल्हापूर
- निधन: ३० ऑक्टोबर १९९०, मुंबई
- संस्था: 'प्रभात फिल्म कंपनी'चे एक संस्थापक (१९२९), 'राजकमल कलामंदिर'चे संस्थापक (१९४२)
- गाण्यांसाठी आवर्जून पाहावेत असे चित्रपट: कुंकू (१९३७), माणूस (१९३९), अमर भूपाळी (१९५१), झनक झनक पायल बाजे (१९५५), दो आँखें बारह हाथ (१९५७), नवरंग (१९५९), पिंजरा (१९७२)
- सन्मान: दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८५), पद्मविभूषण (१९९२, मरणोत्तर)

त्यांना म्युझिक व्हिडिओचे दिग्दर्शक म्हणायचं का?

काटेकोर बोलायचं तर नाही. 'म्युझिक व्हिडिओ' हा शब्द आपल्याकडे फार उशिरा आला. अमेरिकेत एमटीव्ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली आणि गाण्यासाठी स्वतंत्र व्हिडिओ बनवणं हा तिथे मोठा धंदा झाला. शांताराम यांचा 'पिंजरा' त्याच्या ९ वर्षं आधीचा आहे.

पण काम तेच होतं. आपल्याकडे त्याला 'गाण्याचं चित्रीकरण' म्हणतात. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं. मग सेटवर ते मोठ्याने वाजवलं जातं, कलाकार ओठ हलवतात, नाचतात आणि कॅमेरा मुखड्याचा एक तुकडा, अंतऱ्याचा दुसरा तुकडा असं टिपत जातो. शेवटी संकलनाच्या टेबलावर हे तुकडे तालात जोडले जातात. कॅमेरा कुठे ठेवायचा, कोणत्या मात्रेवर दृश्य बदलायचं, पडद्यावर कोणता रंग दिसेल, हे दिग्दर्शक ठरवतो. म्युझिक व्हिडिओवाला आजही हेच करतो.

फरक एकच. शांताराम यांच्या गाण्याला मागेपुढे गोष्ट होती. आजची क्लिप त्या गोष्टीतून कापून काढलेली असते, म्हणून ती नुसतीच 'भारी' वाटते. ती भारी का आहे, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

पडदे ओढणारा मुलगा

शांताराम लहानपणी काही काळ बालगंधर्वांच्या 'गंधर्व नाटक मंडळी'त होते. रंगवलेले पडदे, दिव्यांच्या झोतात चमकणारे शालू आणि गाण्यासाठी थांबून राहणारं नाटक हे त्यांनी विंगेतून पाहिलं. तिथे स्त्रीची भूमिका पुरुष करत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे 'नवरंग'पाशी तिची आठवण येणार आहे.

नंतर ते हुबळीला गेले. दिवसा रेल्वेच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी पत्र्याच्या सिनेमागृहात दाराशी उभं राहायचं, असा दिनक्रम. चित्रपट फुकट पाहायला मिळत, हा त्या नोकरीचा खरा पगार.

कोल्हापूरला परतल्यावर ते बाबूराव पेंटर यांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'त लागले. बाबूराव मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडे वळले होते आणि त्यांनी स्वतःचा कॅमेराही घडवला होता. त्यांच्या हाताखाली शांताराम यांनी झाडण्यापासून अभिनयापर्यंत पडेल ते काम केलं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यांचीच. १९२७ साली 'नेताजी पालकर' हा पहिला चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला.

म्हणजे शिक्षण झालं ते एका चित्रकाराकडे आणि एका संगीत नाटक कंपनीत. चौकट आणि गाणं, दोन्ही तिथूनच आलं.

प्रभात: गाणं जागेवर गायलं जायचं तेव्हा

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, सीताराम कुलकर्णी आणि शांताराम हे तिचे भागीदार. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. त्याच जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

१९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून प्रभातचे चित्रपट बोलू लागले. पण बोलपटाने एक अडचणही आणली. सुरुवातीला पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचा, वादक चौकटीबाहेर बसून साथ करायचे आणि मायक्रोफोन जवळपास लपवलेला असायचा. कॅमेऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून कॅमेराही झाकून, बांधून ठेवावा लागे. परिणाम असा की गाणं सुरू झालं की चित्र थिजायचं. गायक उभा राहून गायचा आणि प्रेक्षक ऐकायचा.

कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये पार्श्वगायनाची वाट दाखवली आणि हळूहळू कॅमेरा मोकळा झाला. पण त्याच्या आधीच शांताराम यांनी 'कॅमेरा काय काय बोलू शकतो' हे तपासायला सुरुवात केली होती. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूच्या भूमिकेतल्या चंद्रमोहन यांचा एकच डोळा त्यांनी पडदाभर दाखवला. टेलिफोटो भिंगाचा हा वापर भारतीय चित्रपटात गाजला. अख्ख्या माणसाऐवजी त्याचा एक अवयव दाखवून काम भागवायचं, ही त्यांची सवय इथून सुरू झालेली दिसते.

प्रभातच्या काळातले तीन प्रयोग गाण्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रयोग फसला. १९३३ चा 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरलं. त्यासाठी शांताराम जर्मनीला गेले, प्रती तिथे तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. रंगाने दिलेला हा पहिला झटका.

दुसरा 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट जरठ-बाला विवाहावर आहे. यात शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे, जगण्यातले आवाज तेवढे ठेवले. त्यामुळे शांता आपटे जेव्हा गातात तेव्हा ते गाणं वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही. कोंडलेल्या घरातली एक मुलगी खरोखर गायला लागली आहे, असं वाटतं. त्यात त्या लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही गातात. गाण्याला वजन यायचं असेल तर त्याच्या आजूबाजूला शांतता हवी, हा त्यातला धडा.

तिसरा 'माणूस'. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांची ही गोष्ट. मैना झालेल्या शांता हुबळीकर यांचं एक गाणं त्यात एकामागून एक वेगवेगळ्या भारतीय भाषांत शिरतं. ते नुसतं गंमत म्हणून नाही. मैनेकडे येणारं गिऱ्हाईक कोणत्याही प्रांताचं असू शकतं आणि तिला प्रत्येकाच्या भाषेत गोड बोलावं लागतं. गाण्याच्या रचनेतच तिचा धंदा आणि तिची असहायता दोन्ही आली. याच चित्रपटात त्या काळच्या गुळगुळीत प्रेमगीतांची टिंगलही आहे. शूटिंग चालू असलेल्या जागी गणपत आणि मैना पोहोचतात आणि बॉम्बे टॉकीजच्या धाटणीच्या प्रेमदृश्याची फिरकी घेतली जाते. गाण्याचं चित्रीकरण वाईट कसं असतं हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं, याचा हा पुरावाच म्हणायचा.

राजकमल: नाच हाच नायक

१९४२ मध्ये प्रभात सोडून शांताराम यांनी मुंबईत परळला 'राजकमल कलामंदिर' उभं केलं. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांतून हे नाव आलं. आता स्टुडिओ स्वतःचा, सेट स्वतःचे आणि जोखीमही स्वतःची.

१९५१ चा 'अमर भूपाळी' हा शाहीर होनाजी बाळा यांच्यावरचा चित्रपट. संगीत वसंत देसाई यांचं. तो १९५२ च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. यातूनच विजया देशमुख ही नवी मुलगी 'संध्या' या नावाने पडद्यावर आली.

चार वर्षांनी 'झनक झनक पायल बाजे' आला आणि रंगाचा जुना हिशेब चुकता झाला. चित्रपट टेक्निकलरमध्ये होता. टेक्निकलर ही त्या काळातली खर्चिक रंगपद्धत. भारतात ती वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. नायक म्हणून त्यांनी कुणी प्रसिद्ध नट घेतला नाही, कथ्थक नर्तक गोपीकृष्ण यांना घेतलं. नायिका संध्या, ज्यांचं नृत्याचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. या चित्रपटासाठी त्या गोपीकृष्ण यांच्याकडे कसून शिकल्या.

या निवडीचा अर्थ समजून घ्या. नायकच पट्टीचा नर्तक असल्यामुळे कॅमेऱ्याला लपवाछपवी करावी लागत नाही. पाय कुणाचे आणि चेहरा कुणाचा, अशी तडजोड नाही. अख्खी आकृती दाखवा, लांबून दाखवा, नाच टिकतो. त्यामुळे जेव्हा कॅमेरा घुंगरांजवळ जातो, तेव्हा तो काही झाकण्यासाठी जात नाही. ताल कुठून जन्माला येतो ते दाखवायला जातो.

संगीतही त्याच तोलाचं होतं. शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांनी गायलं, तबल्याला सामताप्रसाद आणि संतूरवर तरुण शिवकुमार शर्मा. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रीय नृत्यावरचा चित्रपट चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांना तिकीटबारीने उत्तर दिलं.

डोळ्यांवर पट्टी आणि मग 'नवरंग'

यानंतर शांताराम यांनी उलटी उडी मारली. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' कृष्णधवल आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर इथे खुल्या तुरुंगाचा खरा प्रयोग झाला होता. त्यावर ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली. सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. कैद्यांचे बारा हात आणि जेलरचे दोन डोळे, म्हणून हे नाव. जेलरची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. यातली प्रार्थना पुढे असंख्य शाळांमध्ये म्हटली गेली. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं.

पण त्याची किंमत मोठी होती. गोष्टीच्या शेवटी जेलर बैलाशी झुंजतो. ते दृश्य करताना शांताराम यांच्या डोळ्याला जबर दुखापत झाली आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. वय ५५ च्या पुढे, हातात स्टुडिओ, आणि सगळं आयुष्य ज्यावर उभं तेच गेलेलं. पुन्हा दिसेल की नाही, ही टांगती तलवार.

डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा त्या अंधारात आपल्याला रंग दिसत होते, असं त्यांनी पुढे सांगितलं. कुठे सांगितलं? थेट चित्रपटातच. 'नवरंग' सुरू होतो तेव्हा शांताराम स्वतः पडद्यावर येतात आणि प्रेक्षकांना ही हकिकत सांगतात. मग रंग सुरू होतात.

हे कळल्यावर 'नवरंग'मधला रंगांचा उधळा कारभार वेगळा दिसायला लागतो. तो खऱ्या जगाचा रंग नाहीच. डोळे मिटल्यावर दिसलेला तो रंग आहे.

होळीचं गाणं: नेमकं काय केलंय?

'नवरंग'चा नायक दिवाकर (महिपाल) हा कवी. बायको जमुना संसाराच्या ओढाताणीत गुंतलेली. कवीला हवी असते प्रेरणा, म्हणून तो तिच्याच रूपाची एक काल्पनिक सुंदरी रचतो आणि तिला 'मोहिनी' म्हणतो. जमुनाला वाटतं, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली. खरं तर ती दुसरी बाई तीच असते. संध्या या दोन्ही रूपांत आहेत. संगीत सी. रामचंद्र यांचं आणि गीतं भरत व्यास यांची.

आता ते होळीचं गाणं. गाण्यात छेड काढणारा पुरुष आहे आणि त्याला झिडकारणारी स्त्री. आवाज आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांचे. साधा मार्ग म्हणजे एक नट आणि एक नटी घ्यायची. शांताराम यांनी दोन्ही भूमिका संध्या यांनाच दिल्या. पुढून स्त्रीचा पेहराव, पाठीमागे पुरुषाचा मुखवटा आणि पोशाख. वळल्या की माणूस बदलला. मधल्या काही दृश्यांत खरोखरचा हत्तीही नाचात सामील होतो.

ही युक्ती स्वस्तातली जादू वाटू शकते. पण गोष्ट आठवा. एकाच बाईला नवरा दोन बायका समजून जगतोय, अशी ती गोष्ट आहे. आणि गाण्यात एकाच शरीरातून दोन माणसं निघतात. कथा जे संवादांतून सांगते तेच गाणं एका गिरकीत सांगून टाकतं.

आणि गंधर्व मंडळींचीही इथे आठवण होते. त्या रंगभूमीवर पुरुष स्त्री व्हायचा. कोकणातल्या शिमग्यातही राधा होतो तो पुरुषच. इथे बाई पुरुष होते, परत बाई होते आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच नाचते. योगायोग म्हणा किंवा मुरलेला संस्कार, पण पडदा उलटा फिरला एवढं खरं.

पिंजरा: पाहणाऱ्याची गोष्ट

१९७२ चा 'पिंजरा' १९३० च्या 'द ब्ल्यू एंजल' या जर्मन चित्रपटावर बेतलेला आहे, पण तो इतका मराठी मातीतला झाला की हे अनेकांना ठाऊकही नसतं. पटकथा अनंत माने यांची, गीतं जगदीश खेबूडकर यांची, संगीत राम कदम यांचं. गुरुजींच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, तमासगीर चंद्रकलेच्या भूमिकेत संध्या आणि सोबत निळू फुले.

गावाला वळण लावणारे गुरुजी तमाशाच्या विरोधात उभे राहतात आणि शेवटी तमाशाच्या फडातच हलकीसलकी कामं करत फिरतात. गावात त्यांचा पुतळा उभा राहतो आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली ते आरोपीच्या पिंजऱ्यात जातात.

इथल्या लावण्या पाहताना एक गोष्ट करा. संध्यांवरून नजर काढा आणि लागूंच्या चेहऱ्याकडे बघा. लावणीत नाचणारी आणि बघणारा असे दोन जण असतात. शांताराम बघणाऱ्यालाही तेवढंच महत्त्व देतात. एकेका लावणीबरोबर गुरुजी एकेक पायरी उतरतात. गाणी काढून टाकली तर ही घसरण कळणारच नाही. कथा पुढे नेण्याचं काम इथे गाण्यांनीच केलं आहे.

शांताराम शैली ओळखायची कशी?

एक गाणं, एक दृश्यकल्पना. मुखवटा, अनेक भाषा, बघणाऱ्याचा चेहरा. प्रत्येक गाण्यात डोळ्यांना दिसेल अशी एकच ठळक कल्पना असते आणि ती शेवटपर्यंत ताणली जाते.

रंगवलेल्या पडद्यासारखी चौकट. मधोमध नर्तकी, दोन्ही बाजूंना समतोल रचना, मागे भव्य सेट. बाबूराव पेंटरांच्या तालमीचा ठसा इथे स्पष्ट दिसतो.

माणसाऐवजी अवयव. डोळा, पाऊल, हात. 'अमृतमंथन'चा डोळा आणि 'झनक झनक'ची घुंगरं हे एकाच विचाराचे दोन तुकडे.

रंग भावनेचा. आकाश निळंच हवं, असा हट्ट नाही. प्रसंगाचा जो रंग असेल तो सेटला, कपड्याला, पाण्याला.

तालावर कात्री. दृश्य बदलतं ते समेवर, गिरकीवर, ठेक्यावर. संकलकाचा हात जणू तबल्यावर असतो.

आक्षेपही आहेत

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रपटांवर भडकपणाचा आरोप कायम झाला. सेट खोटे वाटतात, अभिनय नाटकी वाटतो, संध्यांचे हातवारे अति होतात, ही टीका आजही ऐकू येते. 'कुंकू'सारखा संयमी चित्रपट करणाराच माणूस हे करतो, याचं अनेकांना वाईट वाटलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'नवरंग'मध्ये कवीचं स्वप्न नऊ रंगांत येतं, पण घर चालवणाऱ्या जमुनेच्या तक्रारीला तेवढी जागा मिळत नाही. 'पिंजरा'तही तमासगीर बाई म्हणजे भल्या माणसाला लागलेला मोह, अशीच मांडणी मुख्यतः राहते. पोटासाठी नाचणाऱ्या बाईच्या बाजूने 'माणूस'मध्ये जितकी आच होती तितकी इथे नाही. शांताराम यांची गाणी आवडतात म्हणून हे दिसू नये असं नाही.

भडकपणाबद्दल मात्र एक बाजू मांडता येते. ही गाणी वास्तवाचा आव आणतच नाहीत. नाटकाचा पडदा जसा आपण खरा डोंगर समजत नाही, तसा हा सेटही खरा समजायचा नाही. तिथे खरी असते ती नाचणाऱ्याची मेहनत.

क्लिपमध्ये न दिसणारी नावं

पंधरा सेकंदांच्या क्लिपवर कुणाचंच नाव नसतं. असलं तर फार तर गायकाचं. 'झनक झनक'चं छायाचित्रण जी. बाळकृष्ण यांचं, कलादिग्दर्शन कनु देसाई यांचं. 'नवरंग'चे रंग टिपले ते त्यागराज पेंढारकर यांनी. सेट उभारणारे सुतार आणि रंगारी, मागच्या रांगेत नाचणारी मंडळी यांची नावं तर शोधूनही सहज सापडत नाहीत.

संध्या यांचं २०२५ मध्ये निधन झालं. त्या वेळी पुन्हा तीच गिरकी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. एका अशिक्षित, म्हणजे नृत्य न शिकलेल्या मुलीने तालीम करून करून ती जागा मिळवली होती, हे त्या क्लिपमध्ये मावत नाही.

आणखी एक गोष्ट मावत नाही, ती म्हणजे चित्राच्या बाजू. तेव्हाच्या पडद्याची चौकट चौकोनाच्या जवळची होती. उभ्या मोबाइलसाठी ती कापली की दोन्हीकडचे नर्तक उडतात आणि मधोमध एकटी संध्या उरते. जो समतोल साधायला दिग्दर्शकाने जीव टाकला, तोच पहिल्यांदा जातो. म्हणून जमलं तर हे गाणं एकदा तरी मोबाइल आडवा धरून, पूर्ण चौकटीत पाहा.

आज त्यातून काय घ्यायचं?

१८ नोव्हेंबर २०१७ रोजी, शांताराम यांच्या ११६ व्या जयंतीला गूगलने त्यांच्यावर डूडल केलं होतं. भव्य सेट, गच्च रंग आणि नाचातून पुढे सरकणारी कथा ही वाट संजय लीला भन्साळी यांच्या चित्रपटांतही दिसते.

पण स्टुडिओ आणि हत्ती नसलेल्यांनाही त्यातून काही घेता येतं. पुढच्या शिमग्याला सारसोळ्याच्या किंवा दिवाळ्याच्या गल्लीत कुणी मोबाइल वर करेल, तेव्हा त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे गाणं लोकांना ऐकू तर येणारच आहे, मग मी त्यांना असं काय दाखवतोय जे नुसतं ऐकून कळलं नसतं?

शांताराम यांनी हा प्रश्न जवळपास ४० वर्षं प्रत्येक गाण्याला विचारला. कधी उत्तर जमलं, कधी अति झालं. पण डोळ्यांवर पट्टी असतानाही त्यांनी तो विचारणं सोडलं नाही.